मनुकांच्या सरबतासाठी एक टेबल

मी थकले होते, सरळच सांगते. पनवेलहून मुंबईच्या बंदरापर्यंत टॅक्सीत इनॉक एक अक्षर बोलला नाही, आणि जहाजावर चढेपर्यंत मी मात्र बडबडून अर्धी झाले. "पाणी देऊ?" "हं." "पाय दुखतोय?" "हं." अर्धांगाचा झटका आल्यापासून आमचा संसार या 'हं'वर चाललाय. आमचं जुळलं बँकेत, शेजारशेजारच्या काउंटरवर, त्यामुळे अहो-जाहो कधी जमलं नाही. भांडणं मात्र झकास जमायची. तीही गेली.

डॉक्टर म्हणतात, वाचा गेलेली नाही. शब्द अडतात, बोलत राहिले तर सुटतील. पण बोलणार कोण? ज्याच्या आवाजासाठी सणाला लोक उरणहून आमच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला यायचे, तो माणूस आता स्वतःच अडखळला की तोंड मिटून घेतो. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, आम्हा ज्यूंचा विसाव्याचा दिवस, लागला की मी काळ्या मनुकांचं सरबत करते. पूर्वी तो पेला हातात घेऊन उभा राहायचा, किद्दुशची प्रार्थना म्हणायचा, आणि शेवटी मी आमेन म्हणायची. आता तो पेल्याकडे नुसता बघत बसतो. मला म्हणता येत नाही असं नाही, तोंडपाठ आहे. पण मला ती त्याच्या तोंडून ऐकायची होती. एवढंच मागणं होतं माझं.

मला वाटायचं, घरात माणसं फार. इस्राएलहून मुलगा ओरेन व्हिडिओ कॉलवर, "पप्पा, ट्राय करा ना!" शेजारून माझी नणंद शोशाना डोळ्यांना पदर लावायला तयारच. असं कोण बोलेल हो? म्हणून ओरेनने लग्नाच्या वाढदिवसाला क्रूझची तिकिटं पाठवली, तेव्हाच मी ठरवलं. शुक्रवारच्या जेवणाला एक शांत टेबल गाठायचं. आम्ही दोघंच. मग बोलेल.

शांत टेबल, म्हणे! बाहेरची बाटली जहाजावर चालत नाही, म्हणून मी मनुका कोरड्याच नेल्या होत्या. दुपारी केबिनमधल्या ग्लासात भिजवल्या, हाताने कुस्करल्या, रुमालातून गाळल्या. ग्लासावर बशी झाकून, इनॉकला धरून मी निघाले. बफेच्या हॉलमध्ये लोक फुकटचं मिळाल्यासारखे ताटांवर तुटून पडलेले. वरच्या डेकवर डीजे, माणसं नाचतायत, आणि त्यातून एक हाक आली.

"रूबी आंटी! अंकल, कैसे हो? या ना, आमच्यातच बसा!"

हेतल. पनवेलच्या बाजारात मी जिच्याकडून साड्या घेते ती, अख्खा गोतावळा घेऊन. कुठेही जा, पनवेल आपलं पुढे हजर! कसंबसं हसून मी काढता पाय घेतला.

डायनिंग हॉलचा मॅनेजर म्हणाला, "मॅडम, प्रायव्हेट टेबलं सगळी हनिमून कपल्सना दिलीत."

"मग आमचं लग्न काय रद्द झालंय?" मी इतकी वैतागले होते की आवाज चढला. तो बिचारा ओशाळला, आणि आतल्या छोट्या खोलीतलं एक टेबल त्याने उघडून दिलं.

मला हवं होतं अगदी तसं. गालिचा, मंद दिवा, दार ओढलेलं. चिटपाखरू नाही. मी ग्लास त्याच्या हातात दिला. इनॉक उभा राहिला. पहिला शब्द निघाला आणि मध्येच तुटला. त्या शांततेत तो तुटलेला मी ऐकला, आणि त्यानेही ऐकला. ग्लास खाली ठेवून तो बसला.

"अरे, इथे कोण आहे? मीच ना? माझीसुद्धा लाज वाटते तुला?" मला रडूच फुटलं. "मग मी कुठे जाऊ, सांग!"

तो उठला, काठी घेतली आणि चालू लागला. मी ग्लास घेऊन मागोमाग. जिना चढून तो थेट वरच्या डेकवर गेला, डीजेच्या भल्यामोठ्या स्पीकरला लागून एक रिकामं टेबल होतं, तिथे जाऊन उभा राहिला. "इथे? डोकं फिरलंय का तुझं?" मी ओरडले. माझं मलाच ऐकू आलं नाही.

त्याने माझ्या हातातला ग्लास घेतला. ओठ हलायला लागले. मानेच्या शिरा ताणल्या. माझा नवरा सगळा जोर लावून किद्दुश म्हणत होता, आणि मला त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं. ज्यासाठी एवढा जीव आटवला, तेच! मी नुसती ओठ बघत राहिले. मग ओठ थांबले. झालं, असं वाटून मी जीव खाऊन "आमेन!" म्हटलं आणि ग्लासाला हात घातला.

त्याने ग्लास मागे ओढला. वाकून माझ्या कानाला तोंड लावलं.

"सं... संपली नाही अजून. शब्द अडलाय. जन्मभर हेच तुझं, घा... घाई! गप उभी राहा."

खेकसला की हो माझ्यावर! शेजारच्या काउंटरवरून खेकसायचा, अगदी तसा. मी डोळे पुसले, हात मागे घेतला आणि गप उभी राहिले.