पारडी बदलून पाहावी

"विज्ञानात तुलनेवाचून काही सिद्ध होत नाही!" बाबांनी स्टुलावर बसल्या बसल्या जाहीर केलं आणि स्टूल डावीकडे कललं. त्याचा एक पाय गेली सहा वर्षं आखूड होता. बाबांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. गावचे काटे सरळ, घरचं स्टूल वाकडं.

प्रश्न लेकीचा होता. कॉलेजसाठी विज्ञानाच्या दोन परीक्षा होत्या, द्यायची त्यातली एकच आणि फॉर्मची मुदत सोमवारी संपत होती. एका परीक्षेत शंभर छोटे प्रश्न, धडाधड उत्तरं. तिला घरात 'शंभरी' म्हणत. दुसरीत आलेख, तक्ते आणि 'यावरून काय निष्कर्ष काढाल?' ती 'आलेखवाली'. लेकीचा जीव आलेखवालीत होता, पण चुकीची निवडली तर वर्ष हातचं जाणार, या धास्तीने तिची नखं संपत आली होती.

बाबांनी शनिवारी तुलना मांडली. सकाळी शंभरीची सराव प्रश्नपत्रिका, जेवण झाल्यावर आलेखवालीची. गुण आले ब्याऐंशी आणि एकसष्ट.

"शंभरीचं पारडं जड. विषय संपला!"

लेकीचा चेहरा पडला. आई पालक निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, काटा खोटा आहे की खरा, हे तुम्ही दुकानात कसं बघता?"

"सोपं आहे. पारडी बदलायची. उजवीकडचा माल डावीकडे, डावीकडचं वजन..." बाबा थांबले. मग त्यांनी खोकला काढला. खोकला येण्याचं काही कारण नव्हतं.

रविवारी पारडी बदलली. नव्या प्रश्नपत्रिका, सकाळी आलेखवाली, जेवणानंतर शंभरी. आलेखवालीत चौऱ्याऐंशी, शंभरीत एकोणसाठ. शंभरीच्या चाळिसाव्या प्रश्नावर लाळेचा छोटा गोल डाग होता.

"म्हणजे दोन्ही सारख्याच अवघड," लेक म्हणाली. "अवघड आहे ते जेवणानंतर जागं राहणं!"

आईने माहितीपत्रक उघडलं. "शंभरी दुपारी दोनला. आलेखवाली सकाळी आठला."

लेकीने त्याच मिनिटाला आलेखवालीचा फॉर्म भरला आणि आईला मिठी मारताना पालक सांडला.

"मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो," बाबा म्हणाले. "तुलना! आणि ऐक बेटा, परीक्षेच्या दिवशी मी स्वतः तुला केंद्रावर नेणार. सहाला घराबाहेर! शिस्त म्हणजे शिस्त."

लेक नाचत आत गेली. बाबांनी स्टूल आईजवळ ओढलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले,

"अगं, त्या दिवशी मला जरा पाचला उठवशील?"