दिवसातून सहा वेळा

माझ्या डोळ्यांचं लेझर ऑपरेशन बायकोने ठरवलं होतं. मी नाही.

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत मी इस्त्रीच्या मोठ्या मशीनवर काम करतो. दोन गरम रुळांमधून ओली चादर जाते आणि वाफ उसळते. चष्मा माझा साडेसहा नंबरचा. एक चादर घातली की काचा पांढऱ्या व्हायच्या आणि पुढची मी अंदाजाने घालायचो. असंच एकदा मनगट भाजून घरी आलो तेव्हा ती म्हणाली, "आता बास. एक तर चष्मा जाईल, नाहीतर हात." दुसऱ्याच दिवशी तिने डोळ्यांच्या दवाखान्यात फोन केला, मला तपासणीला नेलं, तारीखही घेतली. त्या तारखेच्या नऊ दिवस आधी तिचे स्वतःचे रिपोर्ट आले. माझे डोळे राहिले बाजूला. पाच महिन्यांत ती गेली.

त्यानंतर आठ महिन्यांनी तिच्या फोनवर दवाखान्यातून फोन आला. तो फोन मी बंद केला नव्हता. चार्ज करून कपाटावर ठेवायचो. का, ते विचारू नका.

"मॅडम आहेत का? त्यांनी त्यांच्या मिस्टरांची तारीख पुढे ढकलली होती."

"बाहेर गेल्यात," मी म्हणालो.

"मग तुम्हीच सांगा. सतरा तारीख चालेल?"

नाही म्हणायला काहीतरी कारण सांगावं लागलं असतं. हो म्हणायला काहीच सांगावं लागत नव्हतं. मी हो म्हणालो.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

सासूबाईंबद्दल सांगायला हवं. मुलगी आजारी पडली तेव्हा त्या आमच्याकडे आल्या आणि मग राहिल्या. आम्हाला मूल नाही. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, पण मी त्यांना कधी हाक मारली नव्हती. आई म्हणायला जीभ वळत नव्हती आणि सासूबाई असं कोणी तोंडावर म्हणत नाही. काही विचारायचं असलं तर मी बायकोला सांगायचो, "आईंना विचार, चहा घेणार का?" आई तिथेच बसलेल्या असायच्या. त्याही तिलाच सांगायच्या, "त्यांना म्हणावं, अर्धा कप." ती दोन्हीकडून वैतागायची. "मी काय टपालखातं आहे?" ती गेल्यावर आम्ही दोघं भिंतीशी बोलायला लागलो. "चहा झालाय," असं त्या भिंतीला सांगायच्या आणि मी उठून जायचो.

संध्याकाळी मात्र एक काम असायचं. लाँड्रीत उसवलेले उशांचे अभ्रे मी घरी आणायचो, त्या शिवून द्यायच्या. त्यांना सुई ओवता येत नव्हती. मी चष्मा काढला की मला नाकासमोरचं अगदी बारीकसुद्धा दिसायचं. त्या तीन सुया माझ्यापुढे ठेवायच्या, मी ओवून परत द्यायचो. एवढंच आमचं बोलणं.

सासूबाईंना न्यायचं म्हणून मेहुणा दर रविवारी यायचा. बायकोचा धाकटा भाऊ. स्वभावाने चांगला, तोंडाने सुटलेला. फर्निचर पोचवायची व्हॅन चालवतो. ऑपरेशनचं कळलं तेव्हा म्हणाला, "वा भावोजी! पन्नाशीकडे झुकलात आणि आता नवीन डोळे? कोणाला बघणार आहात?" मग त्याने जीभ चावली आणि तो पाणी प्यायला उठला.

"आई, भावोजींचं ऑपरेशन होऊ दे," आतून तो म्हणाला. "औषधं संपली की मी तुला घेऊन जातो. खोली रिकामी करून ठेवलीय. किती दिवस अशी राहणार इथे?"

"बघू," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनला कोणीतरी लागतंच."

मी पेपर वाचत होतो. दोघंही माझ्याकडे बघत असावेत. मी पान उलटलं. त्या गेल्या की घरात मी एकटा उरणार हे मला माहीत होतं. पण पायाला मुंग्या आल्यावर पाय आहे हे जसं नुसतं माहीत असतं, तसं. मी आणखी एक पान उलटलं.

सतरा तारखेला आम्ही रिक्षाने गेलो. काउंटरवरच्या मुलीने जुना फॉर्म काढला. सोबत येणाऱ्याच्या रकान्यात बायकोचं नाव होतं, तिच्याच अक्षरात.

"मॅडम नाही आल्या?" मुलीने विचारलं.

मी तोंड उघडलं. सासूबाई म्हणाल्या, "ती वारली."

मुलगी सॉरी म्हणाली आणि घाईघाईने नवीन फॉर्म घेतला. "तुम्ही यांच्या आई का?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी काउंटरला दोरीने बांधलेल्या पेनाकडे बघत होतो.

"लिहा," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी पुन्हा मोजमाप घेतलं. ते म्हणाले, "तुमची चाळिशी उलटलीय. लांबचं स्वच्छ दिसेल, पण जवळचं बघायला पुढे चष्मा लागेल. आत्ता चष्मा काढून जवळचं दिसतं ना, तसं दिसणार नाही. लक्षात आलं?" मी हो म्हणालो आणि सही केली. त्या वर्षात मी पुष्कळ कागदांवर हो म्हणून सह्या केल्या होत्या. एकही वाचला नव्हता.

आत निळी टोपी घातली, डोळ्यांत बधिर करायचे थेंब घातले. हातात दाबायला एक मऊ चेंडू दिला. पापण्यांना चिमटा लावला की डोळा मिटताच येत नाही. मग डोळ्यावर काहीतरी दाबून बसवलं आणि सगळं काळं झालं.

"घाबरू नका, काही सेकंद दिसणार नाही. दुखतंय?"

"नाही."

"काही जाणवतंय?"

"नाही."

"उत्तम पेशंट," डॉक्टर नर्सला म्हणाले.

मग वरचा हिरवा दिवा परत दिसला, पाण्यात पडल्यासारखा पसरलेला. त्याकडे बघत राहायचं. मशीन टकटक वाजलं आणि केस जळल्यासारखा वास आला. तो वास माझ्याच डोळ्याचा होता. दुसऱ्या डोळ्याचंही तसंच झालं. पंधरा मिनिटांत मी बाहेर होतो. नर्सने चेंडू परत मागितला, तेव्हा कळलं की मी तो एकदाही दाबला नव्हता.

घरी येईपर्यंत डोळे झोंबायला लागले. मी काळा चष्मा घालून अंथरुणावर पडलो. सासूबाईंनी दवाखान्यातला तक्ता भिंतीला चिकटवला. तीन बाटल्या. पहिला आठवडा सगळ्या दिवसातून सहा वेळा, मग चार, मग दोन. दोन औषधांच्या मध्ये पाच मिनिटं. बाटल्यांवरचं बारीक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी शेजारच्या बाईंना विचारून घेतलं आणि एका बाटलीच्या गळ्याला एक दोरा बांधला, दुसरीला दोन, तिसरीला काही नाही. मुलीच्या औषधांनाही त्यांनी असेच दोरे बांधले होते. शेवटी शेवटी एका बाटलीला सात दोरे होते.

"बसा," त्या म्हणाल्या. या वेळी भिंतीला नाही, मलाच. मी स्टुलावर बसलो. "वर बघा." त्यांनी डावा हात माझ्या कपाळावर ठेवला आणि बोटाने खालची पापणी ओढली. हात खरखरीत आणि गरम होता. थेंब गालावर पडला.

"हलू नका हो. लहान मूल बरं."

"हललो नाही."

"मग डोळा हलला असेल. तो काय माझा आहे?"

दुसरा थेंब बरोबर पडला. "डोळ्यात तेल घालून बघा म्हणतात ना," त्या म्हणाल्या, "इथे तर डोळ्यात औषध घालून घड्याळ बघायची वेळ आलीय." आणि त्या पाच मिनिटं घड्याळाकडे बघत माझ्यासमोर उभ्या राहिल्या. दिवसातून सहा वेळा, प्रत्येक वेळी दोनदा पाच मिनिटं. म्हणजे दिवसाला तासभर आम्ही एकमेकांसमोर. तेवढ्या वेळात कोणीतरी काहीतरी बोलणारच. त्या बोलायच्या. वरच्या मजल्यावरचा कुत्रा, नळाचं पाणी, त्यांच्या सुनेचं सगळीकडे पावडर लावणं. मुलीबद्दल नाही. मी हं म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी तपासणीत मी शेवटची ओळही वाचली. डॉक्टरांनी हात मिळवला. बाहेर आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय दिसतंय?"

मी रस्ता बघितला. समोरच्या इमारतीवर एक माणूस टाकी धूत होता. झाडाची पानं सुटी सुटी दिसत होती. पण चष्म्यातूनही हेच दिसायचं. फक्त आता नाकावर वजन नव्हतं.

"सगळं दिसतंय," मी म्हणालो.

"मग तोंड असं का?"

"तोंड पहिल्यापासूनच असं आहे."

रिक्षात बसताना त्यांचे खांदे हलले.

आठवड्याने मी कामावर गेलो. महिनाभर वाफेपासून लांब राहायचं होतं, म्हणून मुकादमबाईंनी मला चादरींच्या घड्या घालायच्या टेबलावर लावलं. "या, हिरो या. आता डाग दिसला नाही अशी सबब नको." मी त्या संध्याकाळी उसवलेले पाच अभ्रे घरी नेले. जेवणं झाल्यावर सासूबाईंनी नेहमीसारख्या तीन सुया समोर ठेवल्या. मी चष्मा काढायला हात वर नेला. चष्मा नव्हता. सुई डोळ्यांजवळ नेली तर ती नुसती राखाडी रेघ झाली. लांब नेली तर भोक दिसेना. दोरा चारदा बाजूने गेला. माझी बोटंसुद्धा मला नीट दिसत नव्हती.

"नाही दिसत?"

"नाही. डॉक्टर म्हणाले होते. मी ऐकलं नाही."

त्यांनी सुई माझ्या हातातून घेतली, दिव्याकडे धरली, बघितली. मग त्या हसायला लागल्या. तोंडावर पदर घेऊन, बराच वेळ. मुलगी गेल्यापासून त्या घरात असं कोणी हसलं नव्हतं. "धन्य आहे," त्या म्हणाल्या. "एवढं ऑपरेशन केलं आणि घरात सुई ओवायला एक डोळा उरला नाही."

मला हसू आलं नाही. पण मी उठून गेलो नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासाठी तार असलेली सुई ओवणी आणली. ती वापरायला शिकण्यातही आम्ही दोघांनी मिळून तासभर घालवला.

महिना संपला. शेवटच्या तपासणीला मी एकटा गेलो. डॉक्टरांनी दोन बाटल्या बंद केल्या. तिसरी, नुसती डोळा ओला ठेवायची, तीन महिने चालू ठेवायला सांगितली. "ती तुमची तुम्ही घाला," ते म्हणाले आणि नर्सने आरशासमोर उभं करून माझ्याकडून घालून घेतली. पहिल्याच प्रयत्नात थेंब बरोबर पडला. गालावर काही नाही.

घरी सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाले?"

"एक बाटली आहे अजून. तीन महिने."

"बसा मग," त्या म्हणाल्या. मी बसलो. कपाळावर हात आला. पुढचे चार दिवस मी रोज बसत होतो आणि मला घालता येतात हे सांगत नव्हतो.

पाचव्या दिवशी रविवार होता. मेहुणा व्हॅन घेऊन आला. सासूबाईंची पिशवी आणि पत्र्याची पेटी दाराशी भरून ठेवलेली होती. पेटी कधी भरली, मला कळलं नव्हतं.

"चला, महिना झाला," मेहुणा म्हणाला. "आई, चप्पल घाल. खाली गाडी आडवी लावलीय, लोक शिव्या घालतील."

"त्यांची एक बाटली राहिलीय," सासूबाई म्हणाल्या.

"अगं, ते नुसते थेंब. माझ्या दुकानातल्या मॅनेजरने केलंय हेच ऑपरेशन. तो गाडी चालवताना सिग्नलला घालतो. भावोजी, तुम्हाला घालता येत नाहीत?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "येतात का?"

नाही म्हणालो असतो तर त्या तीन महिने राहिल्या असत्या. तीन महिन्यांनी मेहुणा परत आला असता. आणि त्या माझ्या तोंडून काय ऐकायची वाट बघत होत्या, ते मला आता लांबूनही स्वच्छ दिसत होतं.

"येतात," मी म्हणालो. "मंगळवारपासून येतात."

त्यांनी मान हलवली आणि चपलेत पाय सरकवला. एक पाय. दुसरी चप्पल स्टुलाखाली गेली होती. मी वाकून ती काढली. हातात धरून उभा राहिलो.

"आई," मी म्हणालो. आवाज कुठूनतरी दुसरीकडून आल्यासारखा वाटला. "थेंबांसाठी नको. पण राहा."

मेहुणा आधी माझ्याकडे बघत राहिला, मग त्यांच्याकडे. "भावोजी, म्हणजे कुठपर्यंत?"

"ते मी नाही ठरवलं."

"मुलगी नसलेल्या घरात जावयाकडे राहायचं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?"

"कोण लोक?"

त्यांनी खरोखर विचार केला. शेजारच्या दाराकडे बघितलं, वर बघितलं. "तसं कोण आहे म्हणा," त्या म्हणाल्या. "वरचा कुत्रा."

मग पायातली चप्पल काढली, माझ्या हातातली घेतली आणि दोन्ही भिंतीला नीट लावून ठेवल्या.

"तू जेवून जा," त्या मुलाला म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे जेवून जा. आधी गाडी सरळ लाव."

तो पुटपुटत खाली गेला. त्या आत जाऊन भांडी काढायला लागल्या. मला बरं वाटलं की नाही, ते मला सांगता येणार नाही. मी पेटीची एक कडी धरून उचलून बघितली. जड होती. तो वर येईपर्यंत मी ती तिथेच ठेवली, मग आम्ही दोघांनी मिळून ती आत नेली.