पांढऱ्या कोटातला फोटो

ठकीला घरात सगळे ठकीच म्हणत. लहानपणी ती लाकडी बाहुलीसारखी एका जागी टुकूटुकू बघत बसायची म्हणून मामाने हे नाव ठेवलं. पुढे ती कॉलेजात गेली, वेबसाइटचं डिझाइन शिकायला लागली, तरी नाव काही सुटलं नाही.

शेवटच्या वर्षाला सरांनी एक नवंच खूळ काढलं. प्रत्येकाने आपली पहिल्या वर्षापासूनची कामं एकत्र मांडायची आणि प्रत्येकाखाली, आज हे काम बघून काय वाटतं, ते लिहायचं. "आपलीच जुनी कामं बघायला धीर लागतो," असं म्हणून सर हसले होते. वर्गही हसला होता.

सुरुवातीला ठकीलाही मजा वाटली. पहिलं पान होतं एका बेकरीचं. त्यात तिने इतके रंग ओतले होते की पाव कुठला आणि पार्श्वभूमी कुठली ते कळेना. मग वाद्यं दुरुस्त करणाऱ्याचं पान. त्यात माउस जवळ नेला की बटण बाजूला पळायचं. तेव्हा तिला ते फार हुशारीचं वाटलं होतं. "अगं बाई, या माणसाला गिऱ्हाइकं नको होती की काय?" ती स्वतःशीच म्हणाली आणि खाली लिहिलं : बटणाने जागेवर उभं राहावं, एवढं या कामाने शिकवलं.

तिसरं काम डोळ्यांच्या दवाखान्याचं. त्या वर्षातलं सरांना आवडलेलं एकमेव काम.

दवाखाना अर्थातच खोटा होता. सगळ्या वर्गालाच मनाने एकेक दवाखाना रचायला सांगितला होता. ठकीला डॉक्टर हवा होता, तो घरातच सापडला. मामा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून निवृत्त झालेला, त्याचा पांढरा कोट खुंटीला लटकतच होता. केस पांढरेशुभ्र, चष्मा, कपाळ मोठं. त्या आठवड्यात त्याला नवी कवळी बसवली होती. ती टोचत होती, म्हणून फोटो काढताना त्याने ओठ मिटून जेमतेम हसू आणलं. फोटोत ते दुखणं दिसलंच नाही. दिसली ती नुसती माया. सरांनी फोटोवर बोट ठेवून वर्गाला सांगितलं होतं, "हा चेहरा बघा. या माणसावर विश्वास ठेवावासा वाटतो. डिझाइन म्हणजे हेच."

आता तो फोटो बारीक आणि धुरकट झाला होता. मूळ फाइल जुन्या लॅपटॉपबरोबर गेलेली. पण बाकीच्या कामांसारखंच ते पानही तेव्हा सगळ्यांना बघता यावं म्हणून तिने इंटरनेटवर चढवलं होतं. मोठी प्रत कुठे राहिली असेल तर मिळेल, म्हणून तिने तो बारीक फोटोच शोधायला दिला.

मामा सापडला. एकदा नाही, पडदाभर सापडला.

तिने पहिल्याच दुव्यावर टिचकी मारली. समोर तिचंच पान होतं. तोच फिका हिरवा रंग, तीच अक्षरं, तीच मांडणी. मामा पांढऱ्या कोटात मंद हसत होता. वर दवाखान्याला वेगळं नाव, मामाच्या खाली भलत्याच डॉक्टरचं नाव आणि मोठ्या अक्षरांत : शस्त्रक्रियेशिवाय मोतीबिंदू बरा. थेंब घरपोच.

खाली रुग्णांचे अभिप्राय होते. पहिला तिने स्वतः रचलेला, आईच्या शेजारी बसून, हसतखिदळत : "महिनाभरात सुईत दोरा ओवता आला, डॉक्टरांचे उपकार कसे फेडू!" तो तसाच होता. त्याच्या खाली मात्र तिने न लिहिलेली माणसं होती. एकीने विचारलं होतं, थेंब घातल्यावर आग होते, चालेल ना? दुसऱ्याने : डॉक्टर, बाबांना आता उजेडही सहन होत नाही, फोन उचला. आणि प्रत्येकाला मामाच्या चेहऱ्याखाली एकच उत्तर होतं : आग होणे हे औषध लागू पडत असल्याचे लक्षण आहे. थेंब वाढवा.

ठकीने लॅपटॉप उचलला आणि स्वयंपाकघरात नेला. मामा चहा गाळत होता. आई टपाल कार्यालयातून नुकतीच आली होती, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

"मामा, हे बघ."

मामाने चष्मा वर सरकवून पाहिलं. आधी त्याला हसू आलं. "वा! बढती झाली की माझी." मग तो वाचत खाली गेला. हसू तिथल्या तिथे विरलं. चहा टेबलावर निवत राहिला.

"आता कळलं," तो म्हणाला.

"काय कळलं?"

"परवा भाजीबाजारात एक माणूस माझ्याकडे टक लावून बघत होता. मी पुढे गेलो की तोही पुढे. मला वाटलं, शाळेतला कुणी जुना मुलगा असेल. मी हात हलवला, तर त्याने मान फिरवली."

आईने उठून दाराची कडी लावली.

ठकीने त्या दिवशी जे जे सुचलं ते केलं. ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ते पान होतं तिला कळवलं. आपोआप उत्तर आलं : तुमची तक्रार पोहोचली आहे. पोलिसांच्या सायबर कक्षात गेली. तिथला अधिकारी भला होता, त्याने सगळं ऐकून घेतलं. पण शेवटी हात झटकले. "हे लोक कुठे बसलेत ते शोधायलाच महिने जातात. एक पान बंद केलं की दुसरं उघडतात. फोटो तुम्हीच चढवला होता ना?"

"अभ्यासासाठी."

"ते मला कळतंय हो," तो म्हणाला. "पण त्यांना फुकटात आयताच डॉक्टर मिळाला."

ते वाक्य तिच्या डोक्यात ठाण मांडून बसलं. रंग तिने निवडला होता, कारण तो रंग शांत वाटतो असं पुस्तकात होतं. फोन करण्याचं बटण तिने अंगठा सहज पोहोचेल तिथे ठेवलं होतं, म्हाताऱ्या माणसांना सोपं जावं म्हणून. खरोखर म्हाताऱ्या माणसांचा विचार करूनच.

दोन दिवसांनी सकाळी दार वाजलं. बाहेर एक मजबूत बांध्याचा माणूस उभा होता. हाताला वाळलेलं सिमेंट, गुडघ्यांवर पँट झिजलेली. तो फरश्या बसवायचं काम करायचा. ठकीच्या खांद्यावरून त्याने आत पाहिलं, मामावर त्याची नजर खिळली.

"डॉक्टर आहेत ना," तो म्हणाला. तो विचारत नव्हता.

आई पुढे झाली. "इथे कुणी डॉक्टर नाही. तुम्ही—"

"ताई, मी भांडायला आलो नाही." त्याचा आवाज चिरकला. "पानावर पत्ताच नाही. फोनवर एक माणूस गोड बोलतो आणि ठेवून देतो. बाजारात डॉक्टर दिसले म्हणून मागोमाग येऊन घर बघून गेलो. धीर होत नव्हता. माझ्या आईला एकदा बघा, एवढंच म्हणणं आहे."

मामाने त्याला आत घेतलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. प्रयोगशाळा, कोट, भाचीचा अभ्यास. तो माणूस ऐकत होता, पण त्याची नजर मामाच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. शेवटी त्याने इतकंच विचारलं, "मग ती बाटली बंद करायची का?"

"ताबडतोब!" ठकी म्हणाली.

"आई माझं ऐकत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणते."

मामा उठला. "चल," तो म्हणाला. "मीच सांगतो." ठकीही निघाली.

दोन खोल्यांचं घर होतं. फरश्या मात्र सुरेख बसवलेल्या, एकही सांधा इकडचा तिकडे नाही. आतल्या खोलीत पडदे घट्ट ओढलेले. पलंगावर एक बुटकी, नीटनेटकी बाई बसली होती. तिचे डोळे लाल आणि सुजलेले, त्यांवर सायीसारखा पांढुरका थर. उशाशी बाटली, बाटलीवर बारीकसा मामा.

"आई, ते आलेत," मुलगा म्हणाला.

म्हातारीने पदर सारखा केला, मान वर करून आवाजाच्या दिशेने हसली. "डॉक्टर? तुम्ही स्वतः आलात?"

"आजी, मी डॉक्टर नाही," मामा म्हणाला. "ते लोक चोर आहेत. त्यांनी माझा फोटो चोरलाय."

"आवाज तुमचा वेगळाच आहे फोनवर," ती म्हणाली. मग जरा घाबरून, "रागावलात का? मागच्या आठवड्यात माझे थेंब चुकले, ते कळलं वाटतं तुम्हाला. फार आग होत होती हो. आता नाही चुकणार."

"आजी, मी खरंच—"

"मला दिसत होतं तेव्हा तुमचा फोटो मी रोज बघायचे. सुनेला म्हणायचे, हा माणूस कुणाचं वाईट करायचा नाही." तिने चाचपडत बाटली उचलली. "हे बघा, अर्धी संपली. तुमच्यासमोरच घालते."

मामाने मुलाकडे पाहिलं, मुलाने ठकीकडे. खरं सांगून झालं होतं, आणि खऱ्याचा काडीचाही उपयोग झाला नव्हता. ठकीला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कामाची भीती वाटली. ते काम इतकं चोख बसलं होतं की प्रत्यक्ष मामालाही ते खोडता येत नव्हतं.

आणि मग मामाने घसा खाकरला. पाठ ताठ केली. पोरांनी ॲसिडच्या बाटलीला हात लावला की तो जसा बोलायचा, त्या आवाजात म्हणाला, "बाटली खाली ठेवा."

म्हातारीचा हात थबकला.

"थेंब बंद. या क्षणापासून. मी सांगतोय. आज, आत्ता मुलाबरोबर मोठ्या इस्पितळात जायचं आणि ते सांगतील तसं करायचं. फोन आला तर उचलायचा नाही."

"बरं, डॉक्टर," ती लहान मुलीसारखी म्हणाली आणि बाटली त्याच्या हातात दिली.

जिना उतरताना मामा कठड्याला धरून थांबला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "ठके," तो म्हणाला. "किती पटकन ऐकलं गं तिने."

इस्पितळातून मुलाचा फोन आला : उजवा डोळा गेलाय, डावा वाचवायचा प्रयत्न करू म्हणाले. आणखी थोडे दिवस थेंब चालले असते तर तोही गेला असता.

ठकी टेबलाशी बसली होती. अभिप्रायांमध्ये आणखी नवी माणसं आली होती. आग होते, चालेल ना? त्यांच्या खाली तेच उत्तर. तिने लॅपटॉप पुढे ओढला.

"काय करतेस?" आईने विचारलं.

"पान."

"कसलं पान?"

"तेच."

तिने तेच केलं. तोच फिका हिरवा रंग, तीच मांडणी, मध्ये तोच मामा पांढऱ्या कोटात. त्या लोकांनी ठेवलेलं दवाखान्याचं नाव तिने जसंच्या तसं घातलं, म्हणजे शोधणाऱ्याला तिचं पान आधी दिसेल. शिकलेलं सगळं पणाला लावलं. मामाच्या खाली मात्र अभिप्राय नव्हते. मोठ्या अक्षरांत एवढंच : थेंब ताबडतोब बंद करा. आजच मोठ्या इस्पितळात जा. शंका असेल तर मला फोन करा. आणि अंगठा सहज पोहोचेल तिथे बटण.

"नंबर कुणाचा घातलास?" आईचा आवाज चढला.

"माझा घाल म्हटलंय मी तिला," मामा म्हणाला.

"दादा, वेड लागलंय का तुला? ती कसली माणसं आहेत, काय करतील, काही ठाऊक आहे? आपण होऊन दार उघडून ठेवायचं?"

"त्यांनी घर शोधायचं ठरवलं तर त्यांना नंबर लागणार नाही," मामा म्हणाला. "बाजारातल्या त्या माणसाला लागला का?"

आईने ओट्याकडे तोंड फिरवलं, घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.

पान चढवल्यावर दोन दिवस काहीच झालं नाही. मामा फोन समोर ठेवून खुर्चीत बसायचा, पेपर उघडायचा आणि त्यातलं एकच पान परत परत वाचायचा. मग एका दुपारी फोन वाजला. मामाने घाईने उचलला, ठकीलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

पलीकडे आधी नुसता श्वास. मग एक मऊ, आर्जवी, अगदी घरच्यासारखा आवाज.

"डॉक्टर, नमस्कार. पान बघितलं. सुरेख झालंय. आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं." तोच आवाज पुढे म्हणाला, "ज्या मुलीने केलंय तिचा हात फार चांगला आहे. आम्ही तिची सगळी कामं बघितली आहेत. बेकरीचंसुद्धा. तिला सांगा."

फोन बंद झाला.

तीन वर्षांतली ठकीची सगळी कामं एकत्र अशी आजवर कुणी बघितली नव्हती, सरांनीसुद्धा नाही. आई दारात उभी होती. तिनेही ऐकलं होतं.

"काढून टाक ते पान," आई म्हणाली. "आत्ताच्या आत्ता काढ."

ठकीने मामाकडे पाहिलं. मामाने तोंड उघडलं, पण बोलण्याआधीच फोन पुन्हा वाजायला लागला. अनोळखी नंबर. तिघेही त्याच्याकडे बघत राहिले. तो वाजत राहिला, थांबला, परत वाजायला लागला.

मामाने चष्मा नीट केला, पाठ ताठ केली आणि फोन उचलला.

पलीकडून एक बाई रडवेल्या, घाईच्या आवाजात काहीतरी विचारत होती. तिच्या मागे कुणीतरी कण्हत होतं.

"हो," मामा म्हणाला. "डॉक्टरच बोलतोय. आधी ती बाटली खाली ठेवा."