डाव्या हाताची गिटार

“गिटार डाव्याच हातानं वाजवा लागते. उजवा हात देवानं जेवाले देला हाय. विलायतेत लहान लेकराले बी हे माहीत हाय.”

हुडकेश्वरच्या आपल्या घराच्या बैठकीत भैयाजी पाठराबे यांनी हा सिद्धांत मांडला, तेव्हा तो खोडून काढायला कोणी पुढे आलं नाही. साथीला गिटार वाजवणाऱ्या गणपतरावांना भैयाजींकडच्या कानानं ऐकू येत नव्हतं, आणि अडुसष्टाव्या वर्षीही गोलूच राहिलेला गोलू दुसऱ्या समोशाच्या मध्यावर होता. राहिल्या कौसल्याबाई. त्यांनी मेथीची परात नवऱ्यापुढे सरकवली.

“मंग जेवाच्या आधी त्याच हातानं एवढी मेथी तोडा.”

भैयाजी मेथी तोडू लागले. सिद्धांत मात्र तुटला नाही. तो एकोणसाठ वर्षं जुना होता.

तेव्हा भैयाजी सतरा वर्षांचे होते आणि बापाच्या मागावर लुगडी विणत होते. सक्करदऱ्याजवळच्या एका टिनाच्या छपराच्या टॉकीजमध्ये मेन पिक्चरच्या आधी विलायतेतल्या एका बँडपार्टीची तीन मिनिटांची फिल्म लागली. पार्टीच्या रेकॉर्डी खपाव्यात म्हणून कंपनी अशा फिल्मा काढायची. तीन गिटारी, एक ड्रम, आणि गाणारा कोणीच नाही. काळ्या कोटातले तिघं वाजवता वाजवता एका ओळीत दोन पावलं पुढे येत, एक पाय मागून टाकत, अर्धे वळत, आणि तिन्ही गिटारींच्या माना एकदमच झुकत. मग हवेला एक हलकीशी लाथ, कुणावरही राग नसलेली. दिवसभर हातपाय एका लयीत चालवणाऱ्या भैयाजींना वाटलं, ही तर आपल्यातलीच माणसं; फक्त कोट बरे आहेत.

फिल्म सात दिवस चालली. सातही दिवस दुपारच्या खेळाला भैयाजी पहिल्या रांगेत होते. पडद्यावरचे तिघेही डाव्या हातानं तारा छेडत होते, म्हणून भैयाजींनी पहिल्याच रात्री एका जुन्या गिटारीच्या तारा काढून उलट क्रमानं लावल्या. पुढे विजेचे मीटर वाचायची नोकरी लागली, ती अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटली. गिटार सुटली नाही. गणपतराव आणि गोलूला घेऊन त्यांनी गणपतीचे मांडव आणि लग्नाचे हॉल गाजवले, घरच्या बैठकीत क्लास काढला आणि चाळीसेक पोरांना डाव्या हातानं वाजवायला शिकवलं. सीताबर्डीच्या वाद्यवाल्याचा तर समज झाला होता की दक्षिण नागपुरात माणूस जन्मतःच डावखुरा निघतो. सिनेमातले हिरो उजव्या हातानं का वाजवतात, असं कोणी विचारलं तर भैयाजींचं उत्तर तयार असे. त्यांना वाजवता येत नाही.

आता येत्या रविवारी सकाळी अकराला धरमपेठेतल्या एका सभागृहात हे शिष्य गुरूंचा सत्कार करणार होते. भैयाजींची नात हर्षा कॉम्प्युटर शिकलेली. तिनं इंटरनेटवरून तीच फिल्म हुडकून काढली होती. मागे मोठ्या पडद्यावर फिल्म, पुढे तीन म्हातारे, आणि पावलाला पाऊल. भैयाजी आठ दिवस पथ्यानं जेवत होते, म्हणजे समोसा एकच खात होते.

मेथी झाली आणि हर्षानं टीव्हीवर फिल्म लावली. काळे कोट आले. दोन पावलं पुढे आली. तीन माना झुकल्या, पण भलत्याच बाजूला.

“उलटी टाकली वं कोणीतरी,” भैयाजी म्हणाले. “इंटरनेटवर काई बी टाकतेत.”

हर्षानं चित्र थांबवलं आणि ड्रमवर बोट ठेवलं. “आबाजी, यावरची अक्षरं सरळ वाचता येऊन राहिली. फिल्म सरळच आहे. ते सगळे उजव्या हातानं वाजवून राहिले.”

गणपतरावांनी आपल्या डाव्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो शेजारच्याचा चुकून इकडे आला आहे. गोलूनं विचारलं की मग तेव्हा अक्षरं उलटी दिसली असतील, ती भैयाजींना कशी समजली नाहीत? यावर भैयाजी हळूच म्हणाले की इंग्रजी आपल्याला तशीही उलटीच दिसायची.

कौसल्याबाईंनी परात उचलली. “लुगड्याची उलट-सुलट आंधारात बोटानं ओळखे हा माणूस. अन् फिल्मची नाही ओळखता आली, जी?”

हे मात्र लागलं. भैयाजींनी सत्काराला येणार नाही असं जाहीर केलं. चाळीस पोरांसमोर कोणत्या हातानं नारळ घ्यायचा? जन्मभर आपण एका चुकीचा क्लास चालवला. पण चूक होती कुणाची? ते उठले, पायात चपला घातल्या आणि हर्षाला स्कूटर काढायला सांगितली.

मारोतराव त्या टॉकीजचे ऑपरेटर. टॉकीज केव्हाच पडलं होतं. मारोतराव सत्त्याऐंशीचे होऊन अजून सक्करदऱ्याला तलावाजवळ मुलाच्या घरी उभे होते, काठी धरून का होईना. भैयाजी त्यांना गुरूच मानत. दर दसऱ्याला सोनं द्यायला पहिले त्यांच्याकडेच जात. आज सोनं नव्हतं.

“मारोतराव, तुमी फिल्म उलटी लावली होती.”

मारोतरावांनी बराच वेळ चष्मा पुसला. “हो गा,” ते म्हणाले. “पह्यल्या दिवशी चुकून.”

घाईत रीळ उलट्या अंगानं मशीनमध्ये गेलं होतं. त्यामुळे आवाजच आला नाही. मग त्यांनी तीच रेकॉर्ड आणून भोंग्यावर वाजवली, आणि गाणारं तोंडच नसल्यानं कुणाला काही कळलं नाही. मॅनेजर बोलला, तसं संध्याकाळच्या खेळाला रीळ सुलटं लागलं. आवाजही आला.

“मंग बाकीचे सहा दिवस? मी तं रोज उलटीच पाह्यली.”

“दुसऱ्या दिवशी दुपारी तू गिटार घेऊन पह्यल्या रांगेत. तारा उलट्या लावलेल्या. बोटाले चिंध्या बांधल्या होत्या तुह्या, रक्त आल्तं. रातभर वाजवली म्हणे.” मारोतरावांनी चष्मा घातला आणि प्रथमच भैयाजींकडे नीट पाहिलं. “पुन्हा दुसऱ्या हाताची बोटं सोलाले लावू का गा तुले? तुह्यासंगं हॉलमधी पाच-सहा लोक, त्यातले चार झोपलेले. मंग म्या दुपारच्याले रोज उलटी लावो. संध्याकाळच्याले सुलटी.”

“मले सांगतलं काहून नाही?”

“तू खुश होता.”

भैयाजी भांडायला आले होते. भांडण शोधण्यासाठी त्यांनी खोलीभर नजर फिरवली; भिंतीवर एक कॅलेंडर होतं, खाटेखाली चपला होत्या, भांडण कुठेच नव्हतं. रोज दुपारी एक माणूस एका पोरासाठी अख्खं रीळ काढून उलटं गुंडाळत होता, आणि संध्याकाळी पुन्हा सुलटं करत होता. लुगडं विणणाऱ्या माणसाला त्यातली मेहनत कळते.

परतीच्या वाटेवर भैयाजींनी हर्षाला विचारलं की ती फिल्म उलटी करता येईल का. तिनं सांगितलं, एका बटणाचं काम आहे.

“सहा दिवस मरमर केली वं त्यानं. अन् एक बटन,” भैयाजी म्हणाले. मग थोड्या वेळानं, “आवाज बंद ठेवजो. अन् बटन त्यालेच दाबू देजो.”

रविवारी सभागृह भरलं. खुर्च्या संपल्यावर लोक मागच्या दारापर्यंत उभे राहिले. शेवटच्या रांगेत मारोतराव मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते, आणि हर्षानं दाखवलेल्या बटणावर त्यांनी अर्धा तास आधीपासूनच बोट ठेवलं होतं.

भैयाजींनी नारळ दोन्ही हातांनी घेतला आणि माइक धरला.

“म्या तुमाले गिटार उलटी शिकवली,” ते म्हणाले. “विलायतवाले उजव्या हातानं वाजवतेत. मले चार दिवसांआधी समजलं.”

चाळीस शिष्यांनी आपापल्या हातांकडे पाहिलं. त्यांतला दुर्गेश तेवढा जन्माचा डावखुरा होता. भैयाजी त्याला सगळ्यांत हुशार मानत. त्यानं उभं राहून विचारलं, “सर, मंग माझं बरोबर होतं का चूक होतं?”

“तुह्यं बरोबर होतं. पण त्यात माह्यं काई नव्हतं,” भैयाजी म्हणाले. सभागृह हसलं, आणि त्या हसण्यात भैयाजींच्या छातीवरचा दगड कधी उतरला ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी मग दुपारच्या खेळांची गोष्ट सांगितली, दोनच वाक्यांत. शेवटच्या रांगेकडे पाहून ते म्हणाले, “लावा मारोतराव.”

पडद्यावर काळे कोट आले, अक्षरं उलटी, आवाज नाही. आवाज खाली स्टेजवर होता. तीन म्हातारे दोन पावलं पुढे आले, एक पाय मागून टाकला, अर्धे वळले, आणि सहा गिटारींच्या माना एकाच बाजूला झुकल्या. गोलूची लाथ गुडघ्यापर्यंतच गेली, पण ती वेळेवर गेली. पहिल्या रांगेत कौसल्याबाईंचा पाय ताल धरत होता, आणि कोणी पाहू नये म्हणून त्यांनी त्यावर पर्स ठेवली होती.

फिल्म संपली. लोक उठून टाळ्या वाजवत राहिले, पुन्हा एकदा म्हणू लागले. कोणीतरी माइक मागे नेला आणि मारोतरावांच्या पुढे धरला. सगळे वळले. हर्षानं डोळे पुसले. भैयाजी स्टेजवर गिटार छातीशी धरून उभे राहिले.

मारोतरावांनी कपाळावर हात आडवा धरून पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

“लावतो ना पुन्हा,” ते म्हणाले. “पण पह्यले ते मागचं दार लावा गा कोणी. पडद्यावर उजेड येऊन राहिला.”