माझ्या कपाळावरचा हिरवा पुडा

मी उबपेटी बोलतेय. ताइनान शहरातल्या विद्यापीठात रक्तवाहिन्यांचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा आहे, तिच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात मी उभी असते. आज माझं डोकं फिरलंय, तेव्हा चार शब्द कमीजास्त झाले तर सांभाळून घ्या.

जन्म कारखान्यातला. इथे आले त्याला अकरा वर्षं झाली. पोटात सदतीस अंश ऊब धरायची, हवा दमट ठेवायची आणि पेशी जगवायच्या, हे माझं काम. बाळंतिणींनी दिलेल्या नाळांच्या शिरांमधून या पेशी काढतात. सगळं मनासारखं मिळालं की त्या एकमेकींना धरून केसाहून बारीक नळ्या तयार करतात. ते पाहिलं की मला धन्य वाटतं.

हवा दमट राहते ती माझ्या तळाशी असलेल्या परातीतल्या पाण्यामुळे. पाणी आटलं की पेशींचं खाणं खारट होतं आणि त्या मरतात. म्हणून तर कपाळावर लाल दिवा दिलाय. मला बोलता येतं ते एवढंच.

आणि नेमका तिथेच इथल्या पोरांनी पुडा चिकटवलाय.

यंत्राने नीट वागावं म्हणून त्याच्यावर नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांचा पुडा ठेवायचा, ही इथली रीत; त्या कुरकुऱ्यांच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग' असा आहे. पुडा हिरवाच हवा, कारण हिरवा म्हणजे सगळं सुरळीत, आणि त्याची तारीख उलटलेली चालत नाही. ती तारीख सगळ्यांना तोंडपाठ असते. परातीत पाणी शेवटचं कुणी घातलं, ते मात्र विचारू नका. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने घातलं असेल. खाली वाकून बघायला कुणाला सवड नाही.

वान-जूचं पीएचडीचं हे सहावं वर्ष. उन्हाळ्याआधी नळ्यांचे फोटो मिळाले नाहीत तर तिची पदवी हातची जाणार. आधी दोनदा पेशी मेल्या होत्या, परवा तिसऱ्यांदा मेल्या. तिने सूक्ष्मदर्शकावरून मान उचलली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, सुटले एकदाची.

"हा पिवळा पुडा कुणी लावला?"

"मी, ताई," यंदाच आलेली युन-रू म्हणाली. "हिरवे संपले होते दुकानात."

"मग दुसऱ्या दुकानात जायला पाय मोडले होते?"

"मला वाटलं, चव बदलली तर हिलाही बरं वाटेल."

"पेटी आहे ती. तुझी मावशी नाही."

युन-रू रडकुंडीला आली. पुराव्याशिवाय सरांचाही शब्द न मानणारी ही पोरं, पण पुड्यापुढे सगळ्यांची अक्कल गहाण.

मग तिने दुसऱ्या दुकानातून हिरवा पुडा आणला. पिवळा पुडा निघाला तेव्हा माझा दिवा उघडा पडला. मी जीव तोडून लुकलुकले. पण वान-जू नव्या पुड्यावरची तारीख वाचत होती आणि युन-रू पाठमोरी होऊन चिकटपट्टी कापत होती.

"पुढच्या मार्चपर्यंत चालेल," वान-जू म्हणाली. "सरळ लाव आता."

सरळ लावला, अगदी दिव्यावर.

आज सकाळी तिने गोठवलेल्या पेशींची शेवटची कुपी काढली. आता त्या पेशी माझ्या पोटात आहेत आणि परात कोरडी ठणठणीत आहे. दार लावून तिने त्यावर तळहात टेकला.

"या वेळी तरी शहाण्यासारखी वाग गं," ती म्हणाली.

मी शहाणीच आहे गं बाई. मला पाणी घाल.