उंटाखालचा माणूस

उंट कापडाचा होता, पण त्याने नुसती पापणी पाडली की अख्ख्या शहरातली पोरं झोपायची. थाप वाटत असेल तर वाटू दे. रोज संध्याकाळी तो टीव्हीवर गोष्ट सांगायला बसायचा, आणि गोष्टीतली राजकन्या अर्धा डोंगर चढेपर्यंत घराघरांत घोरणं सुरू. पोरांचं सोडा, खिडकीतली मांजरं आडवी व्हायची, कुंडीतली फुलं माना टाकायची. एकदा तर कुलूप फोडायला आलेला चोर त्याच कुलपावर डोकं टेकून सकाळपर्यंत गाढ झोपला होता.

उंटाच्या पोटात ज्याचा हात असायचा, त्याला सगळे उंटवाला म्हणत. त्याचा चेहरा टीव्हीवर कुणी पाहिलाच नव्हता. टेबलाला जमिनीपर्यंत निळा पडदा, त्यामागे चाकं लावलेली फळी, फळीवर हा उताणा आणि डावा हात वर. त्या हाताची सावली उंटाच्या गळ्यावर पडू नये म्हणून दिवा कुठून टाकायचा, हे एकट्या दिवेबाईला ठाऊक. बारा वर्षं ती उजेड पाडत होती आणि तो बोलत होता. रेकॉर्डिंग चालू असताना स्टुडिओतली माणसंही पेंगायची, कॅमेरावाला तर उभ्या उभ्या. दिवेबाई खुर्चीत मान टाकायची ती गोष्ट संपल्यावरच उठायची.

मग एका दुपारी उंटवाला दारू पिऊन गाडीत बसला आणि सिग्नल तोडून त्याने एका बाईला उडवलं. ती बाई म्हणजे दिवेबाईच. कोर्टात तो म्हणाला, ऊन डोळ्यांवर आलं होतं, लाल दिवा दिसला नाही. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. दिवेबाईचा उजवा पाय दोन बोटं आखूड झाला.

शहराची झोप उडाली ती तेव्हापासून. सात जणांनी उंटात हात घालून पाहिला. एकाच्या हाती तो शेळीसारखा बें बें ओरडला, एकाच्या हाती पोलिसासारखा खेकसला. हा उंट सोंग करतोय, असं म्हणून पोरं टक्क जागी. मग आया जांभया देत कामाला जायच्या, पोस्टमन भलत्याच दारात पत्रं टाकायचा, चौकातलं घड्याळसुद्धा पेंगायला लागलं आणि चाराचे ठोके साडेपाचला द्यायला लागलं.

दिवेबाईही जागीच असायची, पण तिचं कारण निराळं होतं. डोळे मिटले की तिला ती दुपार दिसायची, आणि त्या दुपारचा सूर्य. तो उंटवाल्याच्या पाठीमागे होता. तिला कोर्टात गाडीचा रंग विचारला, वेग विचारला. उजेड कुठून येत होता, हे काही कुणी विचारलं नाही.

चार वर्षं सरली, उंटवाला सुटला, आणि त्याने पुन्हा काम मागितलं. गावभर तोंडाला तोंड लागलं. कुणी म्हणे शिक्षा भोगली, आता फिटंफाट. कुणी म्हणे काम द्या बाबा, पोती उचलायचं द्या, पोरांसमोर कशाला बसवता? स्टुडिओच्या साहेबांनी सगळं घोंगडं दिवेबाईच्या गळ्यात टाकलं. ती हो म्हणाली तर तो येणार, नाही म्हणाली तर नाही.

घरी धाकट्या बहिणीने तिला चांगलंच सुनावलं. साध्या चपला निवडायला तुला तीन दुकानं फिरावी लागतात, आणि आता तू माणसाचा निकाल लावणार? दिवेबाई उजव्या चपलेचा जाड तळ घासत राहिली.

ठरल्या दिवशी दुपारी उंटवाला स्टुडिओत आला. वाळला होता, केस पिकले होते. दिवेबाईकडे न बघता, जुन्या सवयीने, तो सरळ पडद्यामागे शिरला. तिने दिवा लावला. उंट हळूहळू वर आला, लांब मान तिच्याकडे वळली, पापणी अर्धी मिटली.

"बाई," उंट म्हणाला, "माझं चुकलं गं. फार चुकलं."

काय तो आवाज! उन्हात वाळवलेल्या दुलईसारखा उबदार. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. कॅमेरावाला डुलायला लागला. दिवेबाईचं आखूड पाऊलसुद्धा सैल पडलं, आणि चार वर्षं रुसलेली झोप तिच्या पापण्यांपर्यंत येऊन उभी राहिली. आता फक्त मान टाकायची, की सगळं मिटलं.

तिने खटका खाली ओढला. अंधार झाला.

"उंटावर माझा राग नव्हताच," ती म्हणाली. "त्याला गाडी येत नाही. तू बाहेर ये."

चाकं कुरकुरली. तिने दिवा लावला तेव्हा तो पडद्याबाहेर, फळीवर उताणा, रिकामा हात छातीवर घेऊन पडला होता. त्याचा स्वतःचा आवाज बारीक होता, चिरका.

"लाल दिवा दिसला होता मला," तो म्हणाला. "ऊन नव्हतं डोळ्यांवर. वाटलं, निसटेन."

"ठाऊक आहे मला."

मग दिवेबाईने साहेबांना सांगितलं, याला येऊ दे, पण तो निळा पडदा काढा. साहेब गडबडले. लोक फोन करतील, टीव्ही बंद करतील, पोरं घाबरतील.

"करू देत की," ती म्हणाली. "गोष्ट कोण सांगतंय ते दिसू दे. पुढचं त्यांचं ते ठरवतील."

उंटवाल्याचा चेहरा पडला. काम मागायचं धाडस त्याला त्या पडद्यामुळेच तर झालं होतं. तो उठून दारापर्यंत गेला. तिथे थोडा वेळ उभा राहिला. मग परत येऊन त्याने पडद्याच्या टाचण्या एकेक करून स्वतःच काढल्या.

पहिल्या दिवशी निम्म्या घरांनी टीव्ही बंद केले. उरलेल्या निम्म्यांतली पोरं एवढी घोरली, की बंद घरांतल्या पोरांनाही भिंतीपलीकडून झोप लागली म्हणे.

स्टुडिओतही तेच. साहेब झोपले, कॅमेरावाला उभ्या उभ्या झोपला. जागे दोघंच. दिवेबाईला आता एक दिवा उंटावर आणि दुसरा खाली उंटवाल्याच्या तोंडावर धरायचा होता. मान टाकून कसं चालेल?

राजकन्या डोंगर चढत होती. मध्येच उंटवाल्याने डोळे किलकिले केले आणि हळूच म्हणाला, "बाई, डोळ्यांवर येतोय उजेड."

"येऊ दे," दिवेबाई म्हणाली. "तू गोष्ट सांग."