शेवटची पेटी

अकरा वाजता शेडमध्ये मी शेवटच्या पेटीसमोर चौथ्यांदा येऊन उभी राहिले. बाहेर मामा भोकातले रॉड वर ओढत होता. तो ड्रिलर, आणि त्याने जमिनीतून काढून पेट्यांत क्रमाने लावलेल्या दगडाच्या कांड्या तपासून नोंद करणारी मी. एकाच कंपनीत मामा-भाची, त्यामुळे टोमण्यांना तोटा नव्हता.

"भोक बंद करा," असं सकाळी मीच सहीनिशी लिहून दिलं होतं. तेव्हापासून जिवाला चैन नव्हतं.

या डोंगराखाली कोट्यवधी वर्षांपूर्वी वितळलेला खडक वर येता येता अडकला. त्यातून सुटलेलं उकळतं, खारट पाणी मात्र स्वस्थ बसेना. त्याने वरचा खडक तडकवला, तडे भरले, पुन्हा तडकवला आणि जाता जाता त्यांत तांबं नि मॉलिब्डेनम ठेवून गेलं. जिथे ताप सर्वांत जास्त, तिथला खडक गुलाबी आणि माल दाट. त्याच्या बाहेरचा पांढरा, जवळजवळ रिकामा. आमच्या वरच्या साऱ्या पेट्या पांढऱ्या होत्या. शेवटची गुलाबीपासून सुरू होऊन पुन्हा पांढरी. म्हणजे गुलाबीची एक जीभ, लगेच संपलेली. मामा म्हणाला होता, "अजून पाच रॉड खोल जाऊ दे गं." मी ऐकलं नाही. मला डिग्रीचा माज.

पण ती पेटी सकाळी माझ्या हातून सांडली होती. कोणी बघायच्या आत मी कांड्या घाईघाईने परत भरल्या आणि कुणाकडे चकार शब्द काढला नाही.

आता मी आधीच्या पेटीतली शेवटची कांडी उचलली आणि शेवटच्या पेटीतल्या पहिलीला लावून पाहिली. तुटलेली तोंडं जुळेनात. मग दुसऱ्या टोकाची लावली. चपखल बसली. अख्खी पेटी मी उलटी भरली होती. आम्ही मालातून बाहेर पडत नव्हतो, आत शिरत होतो.

मी धावत सुटले. भोकाला आधार देणारा बाहेरचा मोठा पाइप एकदा निघाला की भोक ढासळतं.

"मामा, थांब! पेटी उलटी लागलीय!"

पाइप अजून आत होता. पण साइटचे साहेबही तिथेच उभे होते. "उलटी? लावली कोणी?"

"मी," मामा म्हणाला.

तीस वर्षांत मामाची एक पेटी चुकली नव्हती. त्याला गर्व होता तो तेवढ्याच एका गोष्टीचा. साहेबांचं तोंड सुटलं, "म्हातारचळ लागलाय का तुम्हाला?" मामा मान खाली घालून उभा. क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच स्वतःची किळस आली.

"नाही साहेब. माझ्या हातून सांडली. भरली मीच, आणि लपवलंही मीच."

साहेबांनी माझ्याकडे पाठ फिरवली. मग मामाला म्हणाले, "आणखी पाच रॉड घाला. आणि ही मला शेडमध्ये दिसता कामा नये."

मामा माझ्यावरच उखडला. "मी महिन्याभरात रिटायर होऊन घरीच बसणार होतो. तुला मध्ये तोंड घालायला कुणी सांगितलं होतं?" आणि तणतणत रॉड पुन्हा भोकात सोडायला गेला.

संध्याकाळी मी सामान घेऊन फाटकाशी बसले होते. मामा आला तो चिखलाच्या हातांनी. त्याने माझ्या हातात एक ओली कांडी ठेवली. गुलाबी, तांब्याच्या पिवळ्या कणांनी खच्चून भरलेली. कडेच्या शिरेतलं मॉलिब्डेनम बोटाला करडं लागलं.

"नोंद कोण करेल ते साहेब बघतील. आधी तू बघ."

मी कांडी फिरवून पाहिली. तिच्यावर मामाने लाल पेन्सिलने ठळक बाण काढला होता आणि बाणाच्या टोकाशी आपल्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'खाली'.